कुर्ल्याहून बीकेसीला रोज बसने: भरवसा किती आणि धोका कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी ठाण्याला राहणार, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. लोकलने कुर्ल्यापर्यंत आणि पुढे बेस्टची बस. डिसेंबर २०२४ मधल्या कुर्ल्याच्या अपघाताची दृश्यं तुम्ही नाशिकला टीव्हीवर पाहिलीत आणि तेव्हापासून धास्ती बसली आहे. त्यात ओळखीचे लोक सांगतात की बस वेळेवर येत नाही, तिला स्कूटी घेऊन द्या नाहीतर शेअर रिक्षाने जाऊ दे. बसवर विसंबावं का, हे तुम्ही विचारलं आहे.

विसंबा. बसनेच जाऊ द्या, आणि स्कूटी तर अजिबात नको. शहरी बससेवेच्या वाहतूक विभागात वेळापत्रकं बांधणं आणि अपघातांची चौकशी करणं ही दोन कामं मी बरीच वर्षं केली आहेत. त्या कामातून जे कळलं ते सविस्तर सांगतो, कारण नुसत्या ‘काळजी करू नका’ने तुमची काळजी जाणार नाही.

आधी आकडे. २०२२ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती आणि साडेएकोणीस टक्के पायी चालणारी. बसमध्ये बसलेल्यांचा वाटा तीन टक्क्यांच्याही आत आहे, आणि त्यात घाटात दरीत कोसळणाऱ्या, महामार्गावर रात्री उलटणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसही मोजलेल्या आहेत. शहरातल्या रस्त्यावर तासाला दहा-पंधरा किलोमीटरने सरकणाऱ्या बसच्या आत तुमची मुलगी असेल, तेव्हा ती दिवसभरातल्या सर्वांत सुरक्षित जागांपैकी एका जागी असेल. लोकलच्या दारात उभं राहणं, कुर्ल्याच्या पुलावरची चेंगराचेंगरी, रस्ता ओलांडणं, हे सगळं त्याहून धोक्याचं आहे.

शहरी बसचा धोका बहुतेक बसच्या बाहेर असतो. बसथांब्यावर फूटपाथ सोडून रस्त्यात उभे असलेले लोक, बसच्या डाव्या बाजूने घुसणारे दुचाकीवाले, उतरल्यावर त्याच बसच्या पुढून पलीकडे धावणारे प्रवासी. मी पाहिलेल्या चौकश्यांत हा शेवटचा प्रकार पुन्हा पुन्हा यायचा. बस थांबलेली, माणूस उतरतो, घाईत बसच्या नाकासमोरून निघतो. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो आणि काचेच्या खालच्या कडेमुळे बसला अगदी चिकटून चालणारी ठेंगणी व्यक्ती त्याला दिसतच नाही. त्यातून सुटली तर पलीकडून बसला ओव्हरटेक करणारी मोटरसायकल आहेच. म्हणून मुलीला एक गोष्ट पक्की सांगा: उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत फूटपाथवर थांबायचं, मग रस्ता ओलांडायचा. एवढं जरी रोज पाळलं तरी तिच्या वाट्याचा बराच धोका टळतो.

आता कुर्ल्याचा अपघात. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ क्रमांकाच्या मार्गावरची इलेक्ट्रिक बस भरगर्दीत घुसली, रस्त्यावरची कितीतरी माणसं गेली आणि अनेक जखमी झाली. ब्रेक निकामी झाले असं पहिल्या दिवशी सगळीकडे बोललं गेलं. तपासणीत बसमध्ये यांत्रिक दोष आढळला नाही. पुढे आलं ते असं की ड्रायव्हरचा आधीचा अनुभव हाताने गिअर टाकायच्या गाड्यांचा होता आणि या बसचं प्रशिक्षण त्याला फार थोडं मिळालं होतं. न्यायालयात काय ठरायचं ते ठरेल. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट लगेच समजते, ती का, ते सांगतो.

जुन्या डिझेल बसमध्ये डावा पाय क्लचवर असतो. पाय चुकला, घाबरला, तरी इंजिन गुरगुरतं, गाडी धक्का खाते, बंद पडते. शरीराला सूचना मिळत राहते की काहीतरी चुकतंय. इलेक्ट्रिक बसमध्ये क्लच नाही, दोनच पेडल आणि दोन्ही उजव्या पायाखाली. आवाज जवळजवळ नाही आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकदीने ओढते. घाबरलेला पाय ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो, बस पुढे झेपावते, त्यामुळे तो आणखी घाबरून आणखी जोरात दाबतो. बारा मीटर लांबीची बस काही सेकंदांत कुठल्या कुठे जाते. वीस वर्षं डिझेल बस चालवलेल्या माणसाचाही पाय नव्याने घडवावा लागतो. तो वर्गात बसवून, पडद्यावर चित्रं दाखवून घडत नाही. रिकाम्या मैदानात, मग पहाटेच्या रस्त्यावर, मग प्रशिक्षक शेजारी असताना भर गर्दीत, असा टप्प्याटप्प्याने घडतो.

लंडनच्या परिवहन प्राधिकरणाने २०१८ मध्ये आणलेल्या बस सुरक्षा मानकांत नेमक्या याच चुकीवर उपाय आहेत. थांब्यावरून निघण्याआधी ड्रायव्हरने ब्रेक दाबून सोडला पाहिजे, म्हणजे पायाला ब्रेक कुठे आहे याची प्रत्येक वेळी उजळणी होते. शिवाय कोणतं पेडल दाबलं जातंय ते डोळ्यांना दिसेल असे दिवे. जगभर ही चूक घडते, तिचं नाव ठाऊक आहे, तिचे उपाय ठाऊक आहेत. आपल्याकडे बस विकत किंवा भाड्याने घेताना बॅटरीची क्षमता आणि एसीचे टन यांवर जेवढी चर्चा होते तेवढी यावर व्हायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

पण प्रशिक्षण ही अर्धीच गोष्ट झाली. अपघाताची चौकशी हातात आली की मी ब्रेकच्या अहवालाआधी ड्रायव्हरचा त्या दिवसाचा ड्युटीचा कागद मागवायचो. ड्युटी किती वाजता लागली, कितवी फेरी होती, आधीच्या फेऱ्या किती उशिरा संपल्या, मधली सुट्टी खरंच मिळाली का. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याप्रमाणे दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि सगळं मिळून बारा तासांच्या आत, असा नियम होता. कागदावर हे बहुतेक वेळा बरोबरच असतं. घोळ असतो तो फेरीसाठी दिलेल्या वेळेत.

समजा, एका मार्गावर एका फेरीला ४० मिनिटं धरली आहेत आणि शेवटच्या थांब्यावर १० मिनिटं विसाव्याची. ही वेळ ठरवली तेव्हा रस्ता मोकळा होता. मग मेट्रोचे खांब उभे राहिले, एक मार्गिका गेली, रिक्षांची रांग वाढली, आणि आता त्याच फेरीला ५५ मिनिटं लागतात. वेळापत्रक मात्र कोणी बदललं नाही. ड्रायव्हर पोहोचतो तेव्हा त्याची परतीची वेळ होऊन गेलेली असते. चौकीतला स्टार्टर, म्हणजे बस वेळेवर सोडणारा कर्मचारी, खिडकीतून हात करतो, ‘निघ, पुढची गाडी मागे लागली आहे.’ डबा पिशवीतच राहतो, लघवीला जायचंही राहून जातं, आणि तो माणूस पुन्हा गर्दीत बस घालतो. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की मोकळा पट्टा दिसताच तो वेग घेणार, पिवळ्या सिग्नलला थांबणार नाही, थांब्यावर बस कडेला न लावता रस्त्याच्या मधेच उभी करणार, प्रवाशाचा दुसरा पाय पायरीवर येण्याआधी निघणार.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, बस भरवशाची आहे का आणि बस सुरक्षित आहे का. माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे. फेरीची वेळ खरी नसली की बस उशिरा येते आणि त्याच कारणाने धोक्याचीही होते. ज्या डेपोत ऋतू बदलला, रस्ता खणला, शाळा सुरू झाल्या की वेळापत्रक नव्याने मोजलं जातं, तिथे तक्रारीही कमी येतात आणि किरकोळ अपघातही. मी वेळापत्रक बांधताना बसच्या मागच्या बाकावर घड्याळ आणि वही घेऊन बसायचो, थांब्यागणिक वेळ लिहायचो. आता प्रत्येक बसमध्ये जीपीएस आहे, हे काम टेबलावर बसून रोज करता येतं. ते करायला माणूस नेमायला हवा, एवढंच.

‘अर्धा तास बस नाही आणि मग दोन एकदम आल्या’ हा तुमच्या मुलीचा पहिल्याच आठवड्यातला अनुभव असणार, म्हणून तोही समजावून सांगतो. दर १० मिनिटांनी बस ठरली आहे. एक बस सिग्नलला अडकून थोडी मागे पडली. पुढच्या थांब्यावर तेवढ्या जास्त वेळात जमलेली माणसं तिला मिळतात, चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती भराभर येऊन पुढचीला गाठते. शेवटी अंतर १०-१० मिनिटांचं न राहता १८ आणि २ असं होतं. गणित करून पाहा: सारख्या अंतराने बस आल्या तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं, १८ आणि २ झाल्यावर तेच ८ मिनिटांच्या वर जातं. त्याहून वाईट म्हणजे, दहातली नऊ माणसं त्या १८ मिनिटांत थांब्यावर आलेली असतात, ती सगळी पहिल्या बसवर तुटून पडतात. मागची बस निम्मी रिकामी. दिवसअखेरच्या अहवालात मात्र दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्याची नोंद, कोणाला काही चुकल्याचं दिसत नाही. पायरीवर लटकणं, दार बंद न होणं, आत माणूस माणसावर पडणं, खिसे कापले जाणं, बायकांना धक्के, हे सारं त्या पहिल्या बसमध्ये घडतं.

यावरून तिच्यासाठी एक साधी सवय निघते. दोन बस पाठोपाठ दिसल्या तर पहिली सोडायची. मोबाइलच्या ॲपमध्ये मागची बस कुठे आहे ते पाहायचं. दोन थांबे मागे असेल तर तीच पकडायची. ॲपमधल्या ‘४ मिनिटांत येईल’वर फार जाऊ नये, तो अंदाज असतो. नकाशावरचा ठिपका हलतोय का ते बघावं. ठिपका बराच वेळ एका जागी असेल तर बस अडकली आहे किंवा अजून सुटलेलीच नाही.

बस कमी का पडतात, हेही थोडक्यात. २०१९ मध्ये बेस्टने स्वतःच्या ३,३३७ बस राखायच्या असं कामगार संघटनेशी ठरलं. त्याच वर्षी ९ जुलैपासून किमान भाडं ५ रुपये झालं आणि लोक पुन्हा बसकडे वळले. पण जुन्या बस भंगारात निघत गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या आल्या नाहीत. २०२४ संपताना स्वमालकीच्या बस हजाराच्या आसपास उरल्या होत्या. बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या, म्हणजे बस आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, मार्ग आणि तिकीट बेस्टचं. मे २०२५ पासून किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालं. भाडेतत्त्व मुळात वाईट असं मी म्हणणार नाही. लंडनच्या बस ठेकेदारच चालवतात. पण तिथे प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा किती जास्त थांबावं लागलं हे मोजून ठेकेदाराला बक्षीस किंवा दंड होतो. आपल्याकडे पैसे किलोमीटरवर मिळतात. किलोमीटरवर पैसे मिळाले की ठेकेदार किलोमीटर धावतो. दोन बस एकापाठी एक धावल्या तरी त्याचं बिल तेवढंच. ड्रायव्हरचा पगार कमी, म्हणून तो वर्षभरात सोडून जातो, आणि रस्ता, बस, थांबे सगळंच नवं असलेला दुसरा येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या बसच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला तेव्हा मुंबईकरांना कळलं की आपल्या बसचा ड्रायव्हर आता बेस्टचा नाही. करारात प्रशिक्षणाचे तास, विसाव्याची मिनिटं आणि फेऱ्यांमधलं अंतर या तीन गोष्टी मोजून पैसे द्यायला लागले तर हीच व्यवस्था सुधारेल, असं मला मनापासून वाटतं.

आता तिच्या रोजच्या वाटेबद्दल. सकाळी कुर्ला पश्चिमेला बस सुटते तिथेच ती चढणार, हा मोठा फायदा आहे. बीकेसीमार्गे वांद्रे पूर्वेला जाणारी ३१० ही त्या वाटेवरची जुनी, भरपूर वापरातली बस. रांग लांब दिसली तरी घाबरू नये, सुटण्याच्या जागी रांग भराभर पुढे सरकते. ऑफिसच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचेल अशी लोकल धरावी. साडेनऊ ते साडेदहा ही वेळ टाळता आली तर तिथली निम्मी धक्काबुक्की टळते. संध्याकाळी उलट होतं. ती मधल्या थांब्यावर चढणार आणि बस आधीच भरून येणार. तेव्हा घरच्या दिशेने पुढे चालण्याऐवजी एक-दोन थांबे मागे, बस जिथून येते त्या दिशेला चालत जावं. पाच-सात मिनिटं चालावं लागेल, पण आत शिरायला मिळतं.

शेअर रिक्षा एखाद्या दिवशी ठीक, रोजची नको. मागे तिघं आणि ड्रायव्हरच्या शेजारी चौथा, अशी ती धावते. त्या चौथ्या जागेवर तिने कधीही बसू नये, ऑफिसला कितीही उशीर झालेला असो.

बसमध्ये उभं राहायचं तर दाराजवळच्या मोकळ्या जागेत नको. आत सरकून उभ्या दांड्याला धरावं, पाय थोडे फाकवून. इलेक्ट्रिक बस झटक्यात उचलते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी चांगलीच आवळते, त्यामुळे हात सोडून मोबाइल बघणारे आधी पडतात. उठायचं ते बस थांबल्यावर. थांबा चुकला तर पुढच्या थांब्यावरून परत येता येतं.

कोणी त्रास दिला तर लगेच, मोठ्याने, कंडक्टरला सांगावं. बस पोलीस चौकीपाशी थांबवता येते. कंडक्टर नसलेली बस असेल तर ड्रायव्हरला. २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक वाहनांत आणीबाणीचं लाल बटण बंधनकारक आहे, ते कुठे आहे हे पहिल्या दिवशीच बघून ठेवावं. ११२ मोबाइलमध्ये आहेच. नंतर तक्रार करायची तर बसचा नोंदणी क्रमांक आणि वेळ हवी, मार्गाचा क्रमांक पुरत नाही; एका मार्गावर दिवसाला कितीतरी बस फिरतात. आणि तक्रार त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी, कारण कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं भरतं. चांगल्या चांगल्या तक्रारी मी एवढ्या एका कारणाने कोलमडताना पाहिल्या आहेत.

तिकीट उतरल्यावर फेकू नये, घरी पोहोचेपर्यंत जपावं. मोबाइलवरचं असेल तर ते राहतंच. बसमध्ये पडून दुखापत झाली तर आपण त्या बसमध्ये होतो याचा तोच पहिला पुरावा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज सहा महिन्यांच्या आत करायची तरतूद आता कायद्यात आहे. लोकांना ती ठाऊक नसते आणि ते उपचार संपायची वाट बघत बसतात.

पावसाळ्याचं एक वाक्य: कुर्ल्यात पाणी भरलं की बसचे मार्ग वळवतात आणि थांब्यावर कोणी सांगायला येत नाही, म्हणून त्या दिवशी आधी बसचौकीत जाऊन विचारावं, मग रांगेत उभं राहावं.

शेवटी, सेवा सुधारायची असेल तर तक्रार कशी करायची ते सांगतो, कारण ‘बस कधीच वेळेवर नसते’ असा अर्ज आमच्याकडे आला की त्याचं काही करता येत नसे. तिच्या ऑफिसातले चार-पाच जण मिळून दोन आठवडे एक वही ठेवा: तारीख, थांबा, किती वाजता उभे राहिलो, कोणती बस किती वाजता आली, कोणती न थांबता गेली, तिचा नोंदणी क्रमांक. ती वही घेऊन डेपो व्यवस्थापकाकडे गेलात तर तो ती बाजूला ठेवू शकत नाही, कारण तो ती जीपीएसच्या नोंदीशी ताडून बघू शकतो. दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. त्यात मार्ग आणि महिना लिहून चारच गोष्टी मागा: रोजच्या नियोजित फेऱ्या किती, प्रत्यक्ष किती झाल्या, एका फेरीला किती मिनिटं धरली आहेत, आणि ही मिनिटं शेवटची कधी बदलली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर चार-पाच वर्षांपूर्वीची तारीख असं आलं, तर ते उत्तर तुमच्या नगरसेवकाला आणि बेस्ट समितीला जोडून पाठवा. वेळापत्रक दुरुस्त करून घ्यायला त्याहून भक्कम कागद नाही.